नांदगाव रोडवरचं जहाज

मीरा आणि अर्णव, तुमच्या हॅलिफॅक्सच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदर दिसतं. मागे एकदा अर्णवने फोन खिडकीकडे फिरवून मला एक मालवाहू जहाज दाखवलं आणि विचारलं, “आजी, याच्या पोटात काय असतं?” मी तोंड उघडायच्या आत तुमची आई म्हणाली, “तिलाच विचार, तिचा जन्म गेला त्यात.” त्यावर मीराने नकाशा पाहून शंका काढली, की अमरावतीला तर समुद्रच नाही.

शंका रास्त आहे. अमरावतीहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरीही जहाजाच्या पोटात काय असतं हे मला ठाऊक आहे, आणि नोकरीची निम्मी वर्षं मी ते इथल्याच मुलांना शिकवलं. दिवाळी अंकाच्या संपादकबाई लेख मागतच होत्या. तेव्हा एकाच लिहिण्यात दोन कामं उरकते. तुम्हाला जड जाईल तिथे आईकडून वाचून घ्या.

मी मूळची अकोल्याची. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मग इंजिनिअर झाले आणि मुंबईत एका कंपनीत लागले. ही कंपनी जहाजाच्या इंजिनरूमची संगणकावर हुबेहूब नक्कल तयार करायची. तिला सिम्युलेटर म्हणतात. विमान चालवायला शिकणारा माणूस आधी खोट्या विमानात बसतो, तसं जहाजाचं इंजिन सांभाळायला शिकणारा आधी खोट्या इंजिनरूममध्ये उभा राहतो. खऱ्या ठिकाणी चूक झाली तर माणसं जातात. आमच्याकडे चूक झाली तर मी नवा डाव मांडते.

मोठ्या जहाजाचं मुख्य इंजिन म्हणजे तीन मजली इमारत समजा. त्याला थंड ठेवणारा पाण्याचा पंप बंद पडला तर तापमान एकदम चढत नाही. एवढ्या लोखंडाला तापायला वेळ लागतो, आणि निवायला त्याहून जास्त. तो वेळ गणितात नेमका बसवणं हे माझं काम होतं. मुरलेला चीफ इंजिनिअर आमच्या पडद्यासमोर बसला, की आकडा किती आहे हे बघत नसे. तो आकडा चढायला किती वेळ घेतोय हे बघे, आणि पटलं तर मान हलवी. तशी एक मान हलावी म्हणून मी कित्येक महिने एकाच पंपामागे घालवले आहेत. मला त्याचं दुःख नाही.

समुद्रावर मात्र मी एकदाच गेले. इंजिनाचे आवाज टिपून आणायचे होते, म्हणून मुंबई ते कोची. आवाज उत्तम मिळाले. जहाजावरचं जेवणही चांगलं होतं, असं बाकीचे सांगत होते.

तुमच्या आजोबांनी नोकरी सोडून अमरावतीला परतायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, आता माझं शिक्षण कपाटात ठेवायचं. पण नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या एका खाजगी संस्थेने इंजिनिअर मुलांसाठी जहाजावरच्या नोकरीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला होता, आणि त्यांनी विकत घेतलेला सिम्युलेटर आमच्याच कंपनीचा निघाला. यंत्र आलं होतं, ते जाणणारं माणूस नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी गेले. खिडकीबाहेर तुरीचं शेत होतं आणि आत बटणांनी भरलेलं लांबलचक पॅनेल, पडदे, स्पीकर. काचेमागे एक लहान केबिन होती. तिथे बसून शिक्षकाने बिघाड करायचे. इथला तेलाचा दाब कमी कर, तिथला पंप बंद पाड. कुणी विचारलं, “तुम्ही काय करता?” तर मी सांगत असे, “बिघाड करते. सुधारायला मुलं आहेत.”

पहिल्या तुकडीचा पहिला मोठा सराव मी विसरणार नाही. जहाजावर वीज जहाजच तयार करतं, स्वतःच्या जनरेटरवर. ते बंद पडले तर इंजिन थांबतं, सुकाणू वळत नाही, आणि जहाज वाऱ्याच्या मर्जीने वाहू लागतं. याला ब्लॅकआउट म्हणतात. जहाजावरच्या माणसाला याच्याइतकी धास्ती दुसऱ्या कशाची नसते. मी काचेमागून कळ दाबली. पॅनेलवरचे दिवे गेले, इंजिनाची घरघर थांबली. आता धावपळ होईल म्हणून मी टिपणं घ्यायला सरसावले.

कुणीही हललं नाही. उलट सगळ्यांचे खांदे सैल पडले. गौरव नावाचा बार्शीटाकळीचा मुलगा होता, त्याने खुर्ची ओढली आणि काचेकडे बघून शांतपणे सांगितलं, “म्याडम, लाइन गेली.”

मी माइकवरून विचारलं, “मग?”

“मंग काय. येईन ना.”

दुसऱ्याने डबा उघडला. तिसरा म्हणाला, “आज बुधवार हाय बे, दोन घंटे तं गेलेच समज.”

त्यांना दोष काय देणार? शेतावरच्या पंपाची वीज जाते आणि येते, ती कुठून तरी येते. आपण फक्त वाट बघायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. माझ्याही होतं, मी अकोल्याचीच. थोड्या वेळाने मी पडद्यावर अक्षरं उमटवली, की जहाज खडकावर आदळलं आहे.

“जेवता जेवता?” गौरव म्हणाला.

तेव्हापासून दर तुकडीला माझा पहिला धडा ठरला. या जहाजावर वीज धाडणारं ऑफिस नाही. फोन करायला लाइनमन नाही. लाइन जाते तेव्हा ती आणणारे तुम्हीच. सगळं बंद पडलं तरी वेगळ्या खोलीत एक लहान आपत्कालीन जनरेटर असतो. तो आपोआप सुरू व्हायला हवा. नाही झाला तर पॅनेलवरच्या बटणाने करायचा. पॅनेलवरचं सर्वांत महत्त्वाचं बटण कुठलं असेल तर हे, असं मी इतक्या वेळा सांगितलं, की मुलं झोपेत सांगतील.

आता प्रणालीबद्दल लिहिते.

ती भातकुलीजवळच्या एका गावची. घरी फुलशेती, झेंडू आणि शेवंती. वडील दिगंबरभाऊ पहाटे अमरावतीच्या बाजारात फुलं आणायचे आणि परतताना तिला संस्थेच्या फाटकाशी सोडायचे. मुलगी इंजिनिअर झाल्यावर तीन वर्षं एका कारखान्यात टिकली, मग हा अभ्यासक्रम तिने स्वतःच शोधून काढला. तिच्यापुढची अडचण साधी होती आणि मोठी होती. जहाजावर शिकाऊ म्हणून चढायला वयाची अट असते आणि तिची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. मुलींना घेणाऱ्या कंपन्या मोजक्या. दोन कंपन्यांनी तिला नकार दिला होता. तिसरी उरली होती, आणि तिचा माणूस मुंबईहून दसऱ्यानंतर आमच्याकडे निवडीला यायचा होता. तिथे जमलं नसतं तर शिकलेलं सगळं घरी घेऊन जायचं.

दिगंबरभाऊंनी मला एकदा फाटकात गाठलं. “म्याडम, खरं सांगा. पोरगी चालते का नाही? उगाच तिचं मन ठेवून नोका राहू.”

“चालते,” मी म्हटलं. “तुकडीत तिच्याइतकं डोकं शांत ठेवणारं कुणी नाही.”

“शांत? घरी तं कोनाले बोलू देत नाही.”

दसऱ्याला मी भावाकडे अकोल्याला गेले होते. जाण्याआधी बजावलं होतं, की यंत्राची पूजा खुशाल करा, पण हळदकुंकू बाहेरच्या चौकटीलाच. परत आले तेव्हा पॅनेलवर दिगंबरभाऊंच्या झेंडूची माळ होती आणि सगळं स्वच्छ पुसलेलं होतं. मी मुलांचं कौतुक केलं.

मग सामंत साहेब आले. कोकणातले, आयुष्यभर जहाजांवर चीफ इंजिनिअर राहिलेले, आता कंपनीसाठी मुलं निवडणारे. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते. शिष्टाचाराचं बोलणं झाल्यावर ते माझ्या शेजारी केबिनमध्ये बसले आणि म्हणाले, “मला एकच बघायचंय. ब्लॅकआउट द्या, आणि आपत्कालीन जनरेटर आपोआप सुरू होऊ देऊ नका.” जहाज एका उथळ किनाऱ्याजवळून चाललं आहे असं ठरलं. किनाऱ्याला लागून रुतलं की परीक्षा संपली. कप्तानाच्या जागी साहेब स्वतः, फोन घेऊन. त्या खेपेला प्रमुख होती प्रणाली, हाताखाली गौरव आणि आणखी एक मुलगा. हा गौरव पहिल्या तुकडीतलाच, एका विषयात अडकून पुन्हा परीक्षेला बसलेला होता, म्हणून अजून आमच्यातच होता.

मी कळ दाबली. दिवे गेले, घरघर थांबली. प्रणाली सरळ पॅनेलशी गेली आणि तिने ते बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

तिने पुन्हा दाबलं. मी माझ्या पडद्यावर पाहिलं. बटण दाबल्याची खूणच तिथे पोचत नव्हती. हा बिघाड मी घातलेला नव्हता.

“हासुद्धा तुम्हीच केलात?” साहेबांनी विचारलं. त्यांना गंमत वाटत होती.

“नाही. बटणच चालत नाहीये. साहेब, हा आमच्या यंत्राचा दोष आहे, तिचा नाही. थांबवते मी.”

“राहू द्या.”

“पण हे बरोबर नाही. जहाजावर ती बटण खोलून बघू शकली असती. इथे तिला परवानगी नाही.”

“मॅडम,” ते काचेतून नजर न काढता म्हणाले, “जहाजावर मला कधी कुणी विचारलं नाही, हा बिघाड तुम्हाला चालेल का म्हणून.”

माझ्या हाताखाली माझी कळ होती. तिच्याऐवजी मी ती दाबली असती तर जनरेटर सुरू झाला असता आणि तिला कळलंही नसतं. साहेब शेजारीच बसले होते हे खरं. पण ते नसते तरी दाबली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. मी हात मांडीवर घेतले.

आत प्रणाली म्हणाली, “बटन नाही चालून राहिलं. गौरव, लोकलवर जाय. हातानं चालू कर.”

लोकल म्हणजे कोपऱ्यातला वेगळा पडदा, तीच जनरेटरची खोली. तिथे हातपंपाने दाब भरून इंजिन फिरवायची सोय असते. हा उपाय आम्ही शिकवतो, पण शेवटचा म्हणून, आणि बहुतेक मुलं तो फळ्यावरच सोडून देतात. गौरव धावला. पडद्यावर जहाज किनाऱ्याकडे सरकत होतं. नेमक्या त्याच वेळी साहेबांनी फोन उचलला आणि कप्तान म्हणून कडक इंग्रजीत विचारलं, की खाली काय चाललं आहे.

जहाजावर बोलणं इंग्रजीत असतं. ही अट आहे, आणि प्रणालीचं इंग्रजी चांगलं होतं. मी स्वतः करून घेतलं होतं. तिने एका हाताने फोन घेतला. नजर गौरवच्या पडद्यावर होती.

“थांबा नं जरा,” ती म्हणाली. “लाइन आणून राहिली नं मी.”

आणि फोन ठेवला.

साहेबांनी हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेरच्या तुरीकडे पाहिलं.

लहान जनरेटर सुरू झाला. तिने त्याची वीज आधी सुकाणूला दिली, मग हवेच्या कॉम्प्रेसरला, मग त्या हवेच्या दाबाने मोठे जनरेटर एकेक करून सुरू केले. घाई केली नाही. प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत होती, शुद्ध वऱ्हाडीत. स्पीकरमधून घरघर पुन्हा सुरू झाली तेव्हा किनारा जवळ होता, पण जहाज लागलं नव्हतं. मग तिला फोन आठवला. तिने तो उचलला आणि इंग्रजीत, चाचरत, सगळा अहवाल दिला. आपण कुणाला काय बोललो हे लक्षात आल्याचं तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

साहेब केबिनमधून बाहेर आले. आधी म्हणाले, “ते बटण बघू.”

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बटणाची चकती काढली. आत वाळून घट्ट झालेलं कुंकू होतं, आणि झेंडूची एक पाकळी.

गौरव म्हणाला, “दसऱ्याचं हाय, सर.”

“एवढं मोठं पॅनेल सोडून याच बटणाला?”

“म्याडमनंच सांगतलं, हेच मेन हाय म्हनून. मंग पयला मान त्यालेच द्याव लागते नं.”

साहेबांनी चकती हातात घेऊन उलटून पाहिली. “आमच्याकडे नारळ समुद्रात टाकतात,” ते म्हणाले. “इंजिनात नाही.” मग प्रणालीकडे वळले. “कप्तानाला थांबा म्हणालात.”

“हो सर. चुकलं.”

“इंग्रजी का नाही?”

ती खोटं बोलू शकली असती, गडबडले म्हणून सांगू शकली असती. म्हणाली, “सर, तेव्हा दोनपैकी एकच जमत होतं. मी जहाज धरलं.”

“कप्तानाला खालचं कळलं नाही, तर तो वरून चुकीचा हुकूम देतो. त्यानेही जहाज लागतं.” त्यांनी घड्याळ पाहिलं. “जेवण राहू द्या. पुन्हा करू. नवा बिघाड, आणि फोन वाजला की इंग्रजीत उत्तर. मॅडम, बटण पुसून द्या.”

मी पुसलं. या खेपेला त्यांनी मला इंधनाचा बिघाड घालायला सांगितला. जहाजाचं इंधन डांबरासारखं घट्ट असतं. ते तापवून पातळ करावं लागतं, आणि तापवणं बंद पडलं की इंजिन गुदमरतं. साहेबांनी मुद्दाम तीन वेळा फोन केला, तिसऱ्यांदा उगाचच चिडून. तिने तिन्ही वेळा उत्तर दिलं. इंग्रजी साधं होतं, त्यात भर घातलेली नव्हती. मधल्या वेळात गौरवला सूचना मात्र वऱ्हाडीतच चालल्या होत्या.

निघताना साहेब मला म्हणाले, “कंपनीचं पत्र रीतसर येईल. पण तिच्या वडिलांना आजच सांगायला हरकत नाही.” मग म्हणाले, “तुमच्या इंजिनाचं तापमान बरोबर चढतं. वेळ घेतं.”

मला तेवढं पुरलं.

दिगंबरभाऊ संध्याकाळी फाटकाशी आले. प्रणालीने सांगितलं. त्यांनी टेम्पो बंद केला.

“किती मयने?”

“सहा-सात. दिवाळीच्या आधीच निघा लागते,” ती म्हणाली.

“मंग येत्या दिवाळीले नाही.”

“नाही.”

“शेवंती कोन तोडन?”

“बाबा.”

“इचारून राहिलो,” ते म्हणाले. “जाय. बस आता, उशीर होऊन राहिला.” पण टेम्पो सुरू करायला त्यांना वेळ लागला.

मी तुमच्यापाशी बढाई मारत नाही. माझी सगळी मुलं जहाजावर गेली नाहीत. गौरव पुढे पास झाला, दोन फेऱ्या करून परत आला आणि आता बार्शीटाकळीला मोटारपंप दुरुस्त करतो. मजेत आहे. इंजिनरूममधला तेलाचा वास आणि पायाखालची थरथर आमच्या खोलीत कधी आणता आली नाही, याची खंत मला राहिली. उष्णतेची नाही. अकोल्या-अमरावतीच्या मुलांना उष्णता शिकवावी लागत नाही. पण जिथे समुद्र नाही अशा जागी माझं शिक्षण कामाला आलं, हे मला मागूनही मिळालं नसतं. ज्यांनी मला त्या खोलीची किल्ली दिली त्यांचे आणि तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येक मुलाचे उपकार मी मानते.

प्रणाली जहाजावर चढल्यानंतर काही आठवड्यांनी दिगंबरभाऊ एका दुपारी तिच्या आईला घेऊन आले. वहिनी पहिल्यांदाच संस्थेत येत होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. “हिले पाह्यचं होतं,” दिगंबरभाऊ म्हणाले आणि स्वतः दाराशीच थांबले.

खोली रिकामी होती. मी यंत्र सुरू केलं. मोकळा समुद्र आणि पूर्ण वेग. कोचीच्या वाटेवर टिपलेली ती घरघर खोलीत भरली. वहिनी दचकल्या, मग पॅनेलच्या जवळ आल्या.

“पोरगी इथीच उभी राह्यते का?”

मी जागा दाखवली. त्या जाऊन तिथे उभ्या राहिल्या. कुठे हात लावला नाही.

“दिवसभर?”

“चार तास. मग दुसरं कुणी येतं. रात्री पुन्हा चार.”

“बसाले खुर्ची नाही?”

“आहे. पण ती बसत नसेल.”

“नाहीच बसत ते,” वहिनी म्हणाल्या. “एवढ्या आवाजात जेवाले बोलावलं तं आयकू कसं येते?”

“दिवा लागतो,” मी म्हटलं. “लुकलुकतो. तो बघून कळतं.”

त्यांनी दिवा कुठला ते विचारलं. मी दाखवला. त्यांनी तो नीट बघून घेतला. दाराशी दिगंबरभाऊ म्हणाले, “चाल आता, म्याडमले काम असंन.”

“राहू द्या जरा चालू,” वहिनी मला म्हणाल्या.

मी काचेमागची माझी खुर्ची बाहेर आणली आणि त्यांना दिली.